चंद्रावर राहिलेल्या पिशव्या

काल संध्याकाळी वारा मुर्धा गावाच्या कोळीवाड्याकडून फिरला आणि सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आमच्या सहाव्या मजल्यापर्यंत चढून आला. भाईंदर पश्चिमेला हिवाळा असाच येतो. स्वेटर काढण्याजोगी थंडी इथे पडत नाही, पण हंगाम सुरू झाला हे नाकाला कळतं. पाच मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर नाक दाबलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. बी विंगने लिहिलं, ‘फिर से स्टार्ट’. ए विंगने ओकणारा हिरवा चेहरा टाकला. कुणीतरी पेटत्या उदबत्तीचा फोटो टाकला, तो कशासाठी ते त्याचं त्यालाच ठाऊक. जेवायला बसणार एवढ्यात आमचे सेक्रेटरी महेशभाई यांचा मला वेगळा मेसेज आला: ‘मॅडम, वो दो साल पहलेवाला मराठी लेटर है ना आपके पास?’

आहे. जुन्या पर्सच्या आतल्या कप्प्यात चार घड्या घालून ठेवलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही. किळस आली आहे, पण ती बोंबलांची नाही.

तसं किळस या विषयात माझा हात धरणारं कुणी नाही. लोकांच्या घरी मी पाण्याचा पेला उजेडाकडे धरून बघते. रिक्षात बसले की सीट पुसते, मग पुसलेला रुमाल पर्समध्ये ठेवायचीही किळस येते. गटारावरच्या फरशीवर चपला वाजवत पाणीपुरी खाणारी माणसं पाहिली की मी रस्ता बदलते. खाडीच्या पुलावरून जाताना मी श्वास रोखून धरते. आणि हेच नाक वर करून, रविवारी खिडक्या घट्ट लावून, कांद्यावर परतलेले सुके बोंबील मी बोटं चाटत खाते. आम्ही रत्नागिरीचे. वास बाहेरच्याचा असला तर दुर्गंधी आणि आपल्या कढईतला असला तर फोडणी, हे मी पाळण्यातच शिकले असणार.

ही किळस मी शिकले ती मात्र एका बादलीपासून. निळ्या प्लास्टिकची, कडेला चीर गेलेली ती बादली आमच्या मोरीत कोपऱ्यात उलटी ठेवलेली असायची. तिच्यात फक्त बाबांचा कामाचा युनिफॉर्म भिजायचा. तिला हात लावायचा नाही. लागला तर कोपरापर्यंत धुवायचा. बाबा कामावरून आले की दारातच कपडे उतरवायचे, आई तिथूनच उलट्या हाताने ते बादलीत टाकायची आणि ते थेट आंघोळीला जायचे. मोरीतून जंतुनाशकाचा इतका उग्र वास यायचा की डोळे चुरचुरायचे. बाहेर येऊन ते मला जवळ घ्यायचे तेव्हा मी त्यांच्या बोटांकडे बघायचे. नखांच्या कडेला निळसर रेघ असायची. ती कधीच पूर्ण निघाली नाही.

माझे बाबा विमानतळावर संडासाच्या गाडीवर होते. विमान उतरून थांबलं, जिने लागले, माणसं बॅगा ओढत निघून गेली की बाबांची गाडी विमानाच्या शेपटीखाली जायची. तिथे पोटाला एक झाकण असतं. ते उघडायचं, दंडाएवढ्या जाडीचा पाइप जोडायचा, खटका ओढायचा. माणसांनी समुद्र ओलांडताना जे काही केलं असेल ते धडधडत गाडीच्या टाकीत यायचं. मग निळं औषधी पाणी आत सोडायचं, झाकण लावायचं, पुढच्या विमानाकडे. पाइप नीट बसला नाही तर काय होतं, हेही त्यांना ठाऊक होतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ते डोक्यापासून पायापर्यंत भिजले होते. “वरचा माणूस कुठल्या देशाचा आहे ते वासावरून कळत नाही गो बाय,” ते हसत म्हणायचे. “सगळ्यांचं सारखंच.”

आई म्हणायची, “जेवताना नको.” आणि बाहेर ती म्हणायची, “हे एअरपोर्टला टेक्निकलला आहेत.” खोटं म्हणावं तर खोटं नाही. पाइप, खटका, झाकण, सगळं टेक्निकलच. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतून भाईंदरला वन-रूम-किचनमध्ये आलो तेव्हा हे ‘टेक्निकल’ आमच्याबरोबर ट्रंकेतून आलं. माझ्या लग्नाच्या बायोडाटावर ते बसलं. सासरी गेलं. आई गेली, बाबा माझ्याकडे राहायला आले, तेव्हा ‘टेक्निकल’ही त्यांच्या औषधांच्या डब्याबरोबर माझ्या सोसायटीत येऊन राहिलं.

पण बाबांना स्वतःला लपवण्याची हौस नव्हती. त्यांना गोष्टींची हौस होती. इंजिनिअर, वैमानिक, परदेशातून आलेले कर्मचारी, कुणाकुणाकडून त्यांनी विमानांच्या आणि अवकाशाच्या गोष्टी गोळा केल्या होत्या. पेपरातली कात्रणं होती. फक्त त्यांचा इतिहास खालच्या झाकणापासून सुरू व्हायचा. एका वैमानिकाने पहिल्यांदा एकट्याने, न थांबता अख्खा महासागर ओलांडला. दीड दिवस आकाशात. पलीकडे फुलं, गर्दी, बँडबाजा. राजाने राजवाड्यात बोलावलं आणि म्हणे त्याने पहिला प्रश्न हाच विचारला, की बाबा रे, एवढा वेळ तू लघवीला कुठे गेलास? “राजाला पण तोच प्रश्न!” असं म्हणून बाबा मांडीवर थाप मारायचे. मग अवकाशात गेलेला तो पहिला अमेरिकन, अग्निबाणाच्या टोकावर आडवा करून बांधलेला. प्रवास पंधरा मिनिटांचा, म्हणून सोय केलीच नव्हती. उड्डाण लांबलं, तासांवर तास गेले. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी डोकी खाजवली आणि शेवटी त्याला सांगितलं, पोशाखातच कर. चंद्राला फेरी मारून आलेल्या तिघांची गोष्ट तर मला लहानपणी हसून हसून पोट दुखेपर्यंत आवडायची. बंद यानात एक नको ती वस्तू तरंगत आली आणि आत माणसं तीनच असून प्रत्येक जण शपथेवर म्हणत होता, माझं नाही.

आणि सगळ्यात शेवटी पिशव्या. चंद्रावर उतरलेल्या माणसांनी परतताना दगड आणले, माती आणली आणि वजन कमी करायला आपल्या घाणीच्या पिशव्या तिथेच टाकल्या. त्या अजून तिथे आहेत. “पाऊल ठेवून पहिला फोटो काढला ना त्याने,” बाबा आवाज खाली आणायचे, “त्या फोटोत काय आहे सांग? झेंडा नाय. पृथ्वी नाय. कचऱ्याची पांढरी पिशवी!” कोजागिरीला दुधात चंद्र बघताना मला हमखास हे आठवायचं आणि मसाला दूध नकोसं व्हायचं. बाबा मात्र चंद्राकडे असे बघायचे, जणू तिथलं काम अर्धवट राहिलंय आणि कुणीतरी गाडी घेऊन जायला हवं.

दोन वर्षांपूर्वी आपलं यान चंद्रावर उतरलं. आनंद झाला, मलाही झाला, डोळ्यांत पाणी आलं. पण मग आमच्याकडे त्या आनंदाचा जो चिकट पाक झाला त्याची अजून शिसारी येते. मिठाईच्या दुकानात चंदेरी वर्खाची यानं. नाक्यानाक्यावर यानाशेजारी हात जोडून उभ्या राहिलेल्या स्थानिक नेत्यांचे फलक, जणू यांनीच मागून ढकललं. वाढदिवसाच्या केकवर खड्डे. डिसेंबर येईपर्यंत आमच्या सोसायटीलाही ऊत आला आणि मुलांसाठी ‘आकाश ते अवकाश’ असा कार्यक्रम ठरला. महेशभाई लिफ्टमध्ये भेटले. तसा भला माणूस, तोंडात कायम वेलची.

“मॅडम, आपके पापा एअरपोर्ट में इंजिनिअर थे ना?”

“टेक्निकल में थे,” मी म्हटलं.

“वोही ना! चीफ गेस्ट फायनल.”

तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि ते उतरले. तिसऱ्यापर्यंत मला बोलता आलं असतं, नंतर निदान त्यांच्या घरी जाऊन तरी. मी आरशात बघून पदर सारखा केला. दोन दिवसांनी गेटवर फलक लागला. बाबांचा बुशशर्टातला फोटो, मागे झेपावणारं विमान आणि खाली, ‘निवृत्त विमान अभियंता’. बाबा भाजी आणायला निघाले होते. फलकापाशी उभे राहून त्यांनी तो दोनदा वाचला.

“हे कुणी सांगितलं?”

“त्यांचा गैरसमज झाला. आता छापून झालंय,” मी म्हटलं.

“मग मी तिथे सांगतो ना. मुलांना मजा येईल. पिशव्यांची गोष्ट सांगतो.”

“बाबा, नको. प्लीज. मी भाषण लिहून देते.”

मी शाळेत मराठी शिकवते. भाषण लिहिणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ. ‘गरुडझेप’ लिहिलं, ‘गगनाला गवसणी’ लिहिलं, ‘पंखांना क्षितिज अपुरे’ असंही काहीतरी लिहिलं. पंधरा वर्षं वह्यांमध्ये ज्या शब्दांवर मी लाल रेघ ओढत आले ते सगळे उचलून माझ्या वडिलांच्या तोंडात कोंबले. त्यांनी ते तीन दिवस गॅलरीत बसून पाठ केलं. ‘गवसणी’ला ते अडखळायचे. मी आतून कणीक मळता मळता दुरुस्त करायचे. आज ते आठवलं की स्वतःच्या आवाजाची किळस येते.

कार्यक्रमाच्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये नव्या सतरंजीचा, परफ्यूमचा आणि बटाटेवड्यांच्या तेलाचा वास कोंदला होता. थर्माकोलचा अग्निबाण पंख्याच्या वाऱ्याने डुलत होता. बाबांना शाल दिली, श्रीफळ दिलं, कुणीतरी वाकून नमस्कारही केला. हार घालताना त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. नखं लपवायची ही त्यांची सवय मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. की सवय त्या दिवशीच लागली, सांगता येत नाही. मग ते भाषण म्हणाले. गवसणीला अडखळले नाहीत. लोक मोबाइल बघत होते, मुलं वड्यांच्या दिशेने सरकत होती. सगळं सुरळीत पार पडत होतं.

“बच्चों, कोई सवाल?” महेशभाईंनी विचारलं.

सी विंगमधली एक मुलगी उभी राहिली. असेल तिसरी-चौथीत, पुढचा दात पडलेला. “दादाजी, प्लेन में सुसू करते हैं तो वो कहाँ जाता है? नीचे लोगों पे गिरता है?”

हॉल हशाने फुटला. माणसं मोबाइलमधून वर बघून हसली. तिच्या आईने तिचा फ्रॉक ओढला, “छी! गंदी बात.” आणि बाबांचा चेहरा उजळला. खरं सांगते, भाषणभर न दिसलेला माणूस त्या खुर्चीत एकदम येऊन बसला. राजाने विचारलेला प्रश्न होता तो. त्या अख्ख्या हॉलमध्ये, अख्ख्या भाईंदरमध्ये म्हणा ना, त्याचं उत्तर त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. छत्तीस वर्षं ते उत्तर त्यांच्या हातांवरून वाहिलं होतं. त्यांनी श्वास घेतला, हात मागून पुढे आणले आणि बोलण्याआधी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. नाही म्हणून. एवढीशीच हलवली, शेजारच्या बाईलाही कळलं नसेल.

बाबांनी हात परत मागे नेले. “वो मुझे नहीं मालूम, बेटा,” ते म्हणाले.

मग वडे झाले. हिरवी चटणी सतरंजीवर सांडली आणि त्यावरून चपला गेल्या. कुणी मला म्हणालं, तुमचे वडील किती साधे, एवढे मोठे इंजिनिअर असून काही दाखवत नाहीत. मी हसले. माझ्या तोंडातला घास कागदी रुमालात काढून मी मुठीत धरून ठेवला. लोकांच्या त्या ‘छी’ची मला किळस आली. विमानात बसून जायचं सगळ्यांना, खालच्या झाकणाचं नाव घेतलं की ओकारी. आमच्या या इमारतीतून रोज जे खाली जातं ते पुढे कुठल्या खाडीला मिळतं हे एकानेही कधी मीटिंगमध्ये विचारलेलं नाही. पण हे सगळं मी कुणाला ऐकवणार होते? त्या बिचाऱ्या आईने पोरीचा फक्त फ्रॉक ओढला होता.

त्या दिवसानंतर घरात गोष्टी थांबल्या. बाबा रागावले नाहीत, अबोला धरला नाही. चहा घेत होते, पेपर वाचत होते, माझ्या वह्यांचे गठ्ठे बांधून देत होते. फक्त पेपरात विमानाची बातमी आली की ते पान उलटायचे. संध्याकाळी फिरायला म्हणून बाहेर पडायचे आणि पूर्वीपेक्षा उशिरा, पण ताजेतवाने होऊन यायचे. मला वाटलं, चांगलंय, पाय मोकळे होतात.

जानेवारीत वारा मुर्ध्याकडून फिरला. ग्रुपवर हिरवे चेहरे आले आणि महेशभाईंनी मला घरी बोलावलं. “मॅडम, आप मराठी हो. लेटर भी आप बनाओ, और गाँव में बात भी आपही करो. हम बोलेंगे तो झगड़ा होगा.” आमच्या इमारतीच्या जागी एकेकाळी काय होतं आणि बोंबील किती पिढ्या सुकतायत, हे विचारण्याची कुणाला गरज वाटली नाही. मलाही नाही. मी पत्र लिहिलं. ‘उपद्रवकारक दुर्गंधी’, ‘रहिवाशांच्या आरोग्यास घातक’, ‘सदर प्रकार त्वरित थांबवावा’. गगनाला गवसणी घालणारीच लेखणी ती, तिला काय कठीण.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पत्र पर्समध्ये घालून रिक्षाने मुर्ध्याला गेले. रस्त्याच्या एका बाजूला अर्धवट टॉवर, हिरव्या जाळ्या, सिमेंटची धूळ. दुसऱ्या बाजूला जुन्या मिठागराचं पांढुरकं मैदान आणि त्याच्या कडेला बांबूच्या मांडवांवर जोडीजोडीने लटकलेले बोंबील. ऊन तिरकं झालं होतं. जवळून तो वास वेगळाच होता, खारट, उन्हाचा, माझ्या आजोळच्या ओटीवरचा. तरी मी सवयीने नाकाला रुमाल लावला.

मांडवाआड तीन बाया मासळी उलटत होत्या आणि खिदळत होत्या. उलट्या ठेवलेल्या प्लास्टिकच्या टोपल्यावर त्यांच्याकडे तोंड करून एक म्हातारा बसला होता. दोन्ही हात हवेत. एका हाताचं विमान झालं होतं आणि दुसऱ्या हाताने तो त्याच्या पोटाखाली पाइप जोडत होता.

“असा खटका ओढला,” बाबा म्हणत होते, “आणि धबाधबा! पहिल्या महिन्यात मी न्हालो ना त्याच्यात.”

“आये गं! मंग बायकोनं घरान घेतलान का?” हिरवं लुगडं नेसलेल्या थोराड बाईने विचारलं. बाकीच्या हसून वाकल्या. छी कुणी म्हटलं नाही. त्यांचे स्वतःचे हात कोपरापर्यंत खवल्यांनी चमकत होते.

“घेतलं. बादलीसकट घेतलं,” बाबा म्हणाले. “पण आमचं काय घेऊन बसलात, चंद्रावरचं सांगतो. तो माणूस शिडीवरून उतरला. चंद्रावर पाय ठेवला. कॅमेरा काढला, पहिला फोटो मारला. त्या फोटोत काय आलं, सांगा.”

“झेंडा आसंल.”

“नाय.”

“देव?” सगळ्यात तरुण होती ती म्हणाली.

“नाय गो.”

“मंग काय हाय त्यान? बोल ना रं काका!”

बाबा मांडीवर थाप मारायला हात उचलून हसत हसत वळले आणि मी त्यांना दिसले. नाकावर रुमाल, काखेत पर्स. त्यांचा हात तसाच खाली आला आणि मागे गेला.

मी रुमाल काढला. मी मान हलवली, सांगा म्हणून, चांगली दोनदा हलवली, बायांनाही दिसली असेल. पण या वेळी ते माझ्याकडे बघत नव्हते. उठून पँटीला चिकटलेले खवले झाडत होते.

“माझी मुलगी आली,” ते त्या बायांना म्हणाले.

“येऊं दे की. फोटून काय व्हता ता सांग आदी.”

“ते मला ठाऊक नाही,” बाबा म्हणाले आणि चपला शोधू लागले.